गुण समक्ष

“मालन, पालीला किती पाय असतात?”

अण्णांनी हे खुर्चीवरून विचारलं. खुर्चीवरून म्हणजे खुर्चीवर उभे राहून. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि नजर कपाटामागच्या भिंतीवर.

“चार असतात अण्णा. उतरा खाली, पडाल.”

“धावताना मला आठ दिसले. लिहून घे.”

“काय लिहून घेऊ? पालीचे पाय?”

“लिही. भीती वाटली की माणसाला मोजता येत नाही आणि प्रेमात पडला की मोजावंसं वाटत नाही. म्हणून दोन्ही वेळा त्याचा हिशेब चुकतो.”

मी प्रुफाच्या पाठीमागे ते लिहून घेतलं, मग केरसुणीने पाल बाहेर घालवली आणि मग अण्णा खाली उतरले. उतरल्यावर काही झालंच नाही अशा थाटात म्हणाले, “छान झालं वाक्य. पाल नसती तर सुचलं नसतं.”

हे वामनराव हलकर्णीकर. प्रेमावर एकोणीस कादंबऱ्या लिहिलेला माणूस. आमच्या मनातलं तुम्हाला कसं कळतं, असं विचारणारी बायकांची पत्रं त्यांना पुण्या-मुंबईहून यायची. आम्हा गडहिंग्लजकरांना मात्र ठाऊक होतं की या माणसाच्या घरात कपबशी एकच आहे. वय एकोणसाठ, लग्न नाही. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, तारवाल्याला भ्यायचे. शाईलासुद्धा भ्यायचे. एकदा उमटली की पुसता येत नाही म्हणायचे आणि पाचशे पानांची कादंबरी पेन्सिलीने लिहायचे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. बसाप्पा कोरींच्या छापखान्यात प्रुफं वाचायची. डोळा बारीक आणि जीभ त्याहून. आई म्हणायची, आमची मालन बघायला आलेल्या मुलाचंसुद्धा शुद्धलेखन तपासते. खोटं नव्हतं ते. अण्णांचं अक्षर गावात फक्त मला लागायचं, म्हणून त्यांच्या घरी जाणंयेणं माझ्याकडे होतं. आम्ही त्या वेळी त्यांचं छोटं पुस्तक छापत होतो. साठीच्या निमित्ताने त्यांच्या वह्यांमधली अशी सुटी वाक्यं गोळा केली होती. नाव ठेवलं होतं ‘चिमटे’.

आता बाईंविषयी सांगते. अनसूयाबाई नेसरीकर कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनीही लग्न केलं नव्हतं. अण्णांची कादंबरी छापून झाली की पहिली प्रत बाईंकडे जायची, हा रिवाज. बाई ती लाल पेन्सिलीने तपासायच्या. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, नायिकेचं एका पानावर हिरवं असलेलं लुगडं पुढच्या पानावर निळं कसं झालं, सगळं. शेवटच्या पानावर दहापैकी गुण द्यायच्या आणि प्रत परत पाठवायच्या. एकोणीस कादंबऱ्यांत सहाच्या वर कधी गेल्या नाहीत. अण्णा त्या एकोणीस प्रती वेगळ्या फळीवर ठेवायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

एकोणीस पुस्तकांच्या अर्पणपत्रिका मात्र भलत्यांच्याच नावे. आईला, गुरुजींना, ग्रामदैवताला. एक तर टपालवाल्याला होती. सगळ्या गावाला जे दिसत होतं, ते अण्णांनी कधी कागदावर येऊ दिलं नव्हतं.

त्या सोमवारी, पाल गेल्यावर, त्यांनी उशीखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

“अर्पणपत्रिका. मोठ्याने वाचू नकोस.”

मी मोठ्यानेच वाचली. “कुमारी अनसूया नेसरीकर यांस, ज्यांच्याविषयी मला तीस वर्षे अखंड भीती वाटत आली.”

“भीती?” मी म्हटलं.

“विनोद आहे.”

“ते कळलं मला. पण बाई रविवारी सकाळच्या एसटीने हुबळीला चालल्या, भाच्याकडे, कायमच्या. निवृत्त झाल्या, सामान बांधून झालं, निरोपाचा नारळ घेऊन झाला. आणि तुम्ही विनोद करताय?”

“मग काय करू?”

“सांगा.”

“काय सांगू?”

“एकोणीस कादंबऱ्यांत सांगितलंत तेच.”

“ते माझ्या नायकांनी सांगितलं,” अण्णा म्हणाले. “सगळे पंचविशीचे होते आणि त्यांना धीर द्यायला मी होतो. मला कोण आहे?”

“मी आहे की.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर त्या रविवारी जाणारच आहेत. तुमचं काय जातंय?”

“आणि हो म्हणाली तर?”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग हळू आवाजात म्हणाले, “ती गेल्यावर मी लिहिलेलं तपासणार कोण गं? मला काही सुचणारच नाही. पालीला घाबरून वाक्य सुचतं, पण ते लिहितो मी तिने वाचावं म्हणून.”

माझा जीव कळवळला. पण काय करणार? कागद घेऊन छापखान्यात आले आणि निवृत्तीच्या पुढ्यात टाकला.

निवृत्ती लोहार आमचा जुळारी, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. तीस वर्षांचा, अबोल, पण हात असा की ओळ दोरी धरल्यासारखी यायची. महिनाभर अण्णा रोज दुपारी येऊन त्याच्या शेजारी स्टुलावर बसत होते. हात पाठीमागे बांधून. शिसं अंगात भिनतं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून एकाही खिळ्याला बोट लावत नव्हते. प्रश्न मात्र पन्नास. अक्षर उलटं असून वाचता कसं येतं? चुकीचं अक्षर बसलं तर काढतात कसं? निवृत्तीने त्यांना चिमटा दाखवला, खिळा कसा उचलायचा ते दाखवलं. अण्णा खूश झाले. “माझ्या पुस्तकाचं नाव तुझ्या हातात आहे,” म्हणाले.

निवृत्तीने अर्पणपत्रिका जुळवली. वाचून एवढंच म्हणाला, “ह्ये काय बरं न्हाई केलं अण्णांनी.”

मंगळवारी पानाचं प्रूफ निघालं. मी वाचलं. अण्णांनी वाचलं, बराच वेळ हातात धरून बसले आणि खाली पेन्सिलीने ‘छापावे’ लिहून दिलं. भीती म्हणजे भीती.

बुधवारी मी अर्धा दिवस रजेवर होते. निपाणीहून मला बघायला मंडळी आली होती. मुलगा बरा होता, तंबाखूचा व्यापार, बोलायलाही सरळ. त्याने विचारलं, “वाचनाची आवड आहे का?” मी म्हटलं, “नाही, सवय आहे.” आईने मागून चिमटा काढला. पोहे संपले, मंडळी कळवतो म्हणून गेली.

नंतर मी काय झालं ते अण्णांना सांगायला गेले, तर ते मोरीवर उभे राहून लिंबाच्या सालीने बोटं घासत होते.

“काय झालं?”

“शाई सांडली,” ते म्हणाले. “तुझं काय झालं ते सांग.”

मी माझंच सांगत बसले. सगळं ऐकून म्हणाले, “मुलगा आवडला का?”

“नावडण्यासारखा नाही.”

“मग दुसरा कुणीतरी आवडतो आहे,” अण्णा म्हणाले. “नावडण्यासारखा नाही हे वाक्य माणूस तेव्हाच बोलतो.”

मी उठून आले. तुम्हाला काय करायचंय, असंही सुनावून आले.

गुरुवारी पहिला फर्मा, म्हणजे सुरुवातीची सोळा पानं, छापला; बाकीचे आधीच झाले होते. शुक्रवारी पाचशे प्रतींपैकी शंभर बांधून झाल्या. पहिली प्रत अण्णा स्वतः येऊन घेऊन गेले. संध्याकाळी मला बोलावलं, तर पुस्तक तांबड्या कागदात गुंडाळून, दोऱ्याने तीन गाठी मारून तयार. “उघडू नकोस. बाईंना दे आणि ये,” म्हणाले. मी दिलं आणि आले.

शनिवारी सकाळी मी छापखान्यात सहज एक प्रत उघडली.

‘कुमारी अनसूया नेसरीकर यांस, ज्यांच्याविषयी मला तीस वर्षे अखंड प्रीती वाटत आली.’

दुसरी उघडली, तिसरी उघडली. प्रीती, प्रीती. पाचशे प्रतींत प्रीती आणि त्यातली एक काल संध्याकाळपासून बाईंच्या घरी.

“निवृत्ती!” मी ओरडले.

तो आला, पान उजेडात धरलं, डोळे बारीक करून पाहिलं. “ह्यो ‘प्र’ वर उचललाय. ओळ वाकडी हाय. माझ्या हातचं न्हाई हे.”

“मग कुणाच्या हातचं? भुताच्या?”

एवढ्यात बसाप्पा मालक आले. त्यांनी वाचलं आणि त्यांचा पारा चढला. “गावातला एवढा मोठा माणूस, कन्याशाळेच्या बाई, आणि आमच्या छापखान्यातून हे? लोक शेण घालतील तोंडात. शेवटचं प्रूफ कोण बघतं?”

“मी बघते. बुधवारी मी रजेवर होते आणि गुरुवारी मी परत बघितलं नाही.” खरंच होतं ते. सही झालेलं पान कोण पुन्हा वाचतं?

“मग सोमवारपासून घरीच बघत बस,” मालक म्हणाले. “आणि सगळ्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटवा. प्रीती नव्हे, भीती वाचावे.”

मी रडत नाही. त्या दिवशी रडले. डोळे पुसले आणि पळत अण्णांकडे गेले.

सगळं सांगितलं. अण्णा खाटेवर बसले. चेहरा पांढरा पडला होता, ओठ कोरडे.

“तिने वाचलं असेल?” एवढंच विचारलं.

“मी जाऊन परत आणते. वाचायच्या आत आणते.”

“आण. नको, आणू नकोस. थांब. जा तू, बघ ती काय म्हणते.” आणि मी उंबऱ्यापर्यंत गेल्यावर, “मालन, रागावली तर सांग, छापखान्याची चूक आहे.”

बाईंच्या घरात खोकी बांधून ठेवली होती. भिंतीवरचे फोटो निघाले होते, त्यांच्या जागी चौकोनी डाग होते. बाई खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर ‘चिमटे’, हातात लाल पेन्सिल.

“ये. एक्केचाळिसाव्या पानावर आहे मी,” बाई म्हणाल्या. “दोन ठिकाणी ‘आणि’चा णी दीर्घ पडलाय. डोळे कुठे होते तुझे?”

“बाई, ती प्रत जरा परत हवी होती.”

“तपासून झाली नाही अजून.”

“तुम्ही... अर्पणपत्रिका वाचलीत?”

“मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचते, मालन. तुम्हालाही तसंच शिकवलंय.”

बाईंनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाचवीपासून माहीत. वहीत शेजारणीचं बघून लिहिलं की पडायची ती.

“मला सरळ सांग. हलकर्णीकरांचं अक्षर तू वाचतेस, प्रूफ तू वाचतेस. हा शब्द छापखान्याची चूक आहे का?”

एवढंच बोलायचं होतं, हो. हो म्हटलं असतं की बाई पेन्सिलीने रेघ मारून मोकळ्या, अण्णा मोकळे आणि उद्याची एसटी हुबळीला. मालक पण शांत झाले असते. खरंही तेच होतं, निदान मला माहीत होतं ते. पण त्या पानाच्या कडेला बाईंचा अंगठा होता आणि तो त्या शब्दावरून हलत नव्हता.

“बाई,” मी म्हटलं, “प्रूफ मी बघते. त्या पानावर एकही चूक नाही.”

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग चष्मा सारखा केला, पेन्सिलीचं टोक पाहिलं, ब्लेडने तासलं आणि त्या पानावर खाली काहीतरी लिहिलं. पुस्तक त्याच तांबड्या कागदात गुंडाळलं.

“हे त्यांना दे. तू वाचू नकोस.”

प्रुफं वाचणारीला वाचू नकोस म्हणायचं म्हणजे अतीच झालं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभं राहून मी वाचलंच. बाईंनी ‘तीस’खाली लाल रेघ मारली होती आणि वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘शब्द बरोबर. आकडा चुकला, तेहतीस हवे. गुण समक्ष.’

मी तिथेच गिरणीच्या पायरीवर बसले. हसू आवरेना.

अण्णांनी ते चार वेळा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं, मग परत घालून.

“तेहतीस कसे गं? मी कुठून मोजले मग?”

“भीती वाटली की मोजता येत नाही. तुम्हीच सांगितलंत सोमवारी. चला, उठा.”

“कुठे?”

“समक्ष म्हणजे समक्ष. सदरा बदला.”

सदरा बदलला, टोपी घातली, दारापर्यंत आले आणि थांबले. “मालन, तिच्या गल्लीत तो पांढरा कुत्रा आहे.”

“मी धरते त्याला.”

“आज जायलाच हवं का? दिवस कलतोय.”

“उद्या सकाळी सात वाजता एसटी आहे, अण्णा.”

मग चालू लागले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं ते बाईंच्या फाटकातच. मी कुत्र्याला बिस्कीट टाकलं, त्याचा कान धरून पायरीवर बसले. आत दार लागलं. कडी घातल्याचा आवाज नाही आला, एवढं मी ऐकलं.

आतलं काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ मी नुसती कुत्र्याशी बोलत होते. तेवढ्यात सायकलवरून निवृत्ती आला. मला शोधत सगळीकडे फिरला होता.

“तुमची नोकरी गेली न्हाई,” तो म्हणाला. “मी मालकाला सांगितलं, माझ्या हातनं झालं.”

“सकाळी तर म्हणालात, तुमच्या हातचं नाही.”

“सकाळी म्हणालो.” तो सायकलची घंटी उगाच फिरवत होता. “बुधवारी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं मालनबाई. तुमास्नी बघायला येणार हुते निपाणीचे. भीतीच्या जागी काय बसवलं, मला तरी काय ठावं.”

कुत्र्याचा कान मी इतका घट्ट धरला की तो केकाटला.

“मालकांनी काय केलं?” मी कसंबसं विचारलं.

“शिव्या दिल्या. आठवडाभर संध्याकाळी थांबून शुद्धिपत्रं चिकटवायला सांगितलीत.” मग म्हणाला, “निपाणीवाल्यांनी कळवलं का काय?”

“अजून नाही. आणि कळवलं तरी माझं मी कळवीन.”

तो हसला. मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. तेवढ्यात दार उघडलं आणि अण्णा बाहेर आले. कान लाल, टोपी हातात, आणि कुत्रा पायरीवर सुटा बसला होता तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

“किती मिळाले?” मी विचारलं.

“सहा,” अण्णा म्हणाले. “नेहमीचेच.” आणि लहान मुलासारखे हसले. “निवृत्ती, ते शुद्धिपत्र लावायचं नाही म्हणून सांग बसाप्पाला. खोकी उचलायला उद्या तुम्ही दोघं या. उघडायची आहेत परत.”

रविवारची एसटी बाईंशिवाय गेली. महिन्याभराने दोघांनी लग्न केलं. साक्षीदार मी आणि निवृत्ती. गाव चार दिवस बोललं आणि मग जेवायला आलं. त्याच वैशाखात आमचंही झालं. अण्णांनी मला अशी जड पैठणी घेतली की आई म्हणाली, इतकं कशाला? मी म्हटलं, माझ्या हातून चूक सुटली म्हणून त्यांचा संसार झाला, त्याचं आहे. निवृत्ती काही बोलला नाही. तो नाहीच बोलत.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. घरात कपबशा दोन झाल्या, मग सहा झाल्या. कादंबऱ्या आणखी चार झाल्या आणि बाईंनी त्यांना पाच-सहाच गुण दिले. चारचौघांत बाई त्यांना चिडवायच्या, “आमचा संसार म्हणजे मुद्रणदोष हं. कंपोझिटरची कृपा.” अण्णा चहात बघून हसायचे. मी कधीकधी निवृत्तीला रात्री जेवताना म्हणायची, तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून दोन घरं वसली. मला त्याचा फार अभिमान होता.

अण्णा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर अण्णांच्या वस्तू मांडल्या होत्या. पेन्सिली, खोडरबर, टोपी, चष्म्याचं घर.

“हे बघ गं काय आहे,” बाई म्हणाल्या. “चष्म्याच्या घरात, अस्तराखाली होतं. कापसात गुंडाळून ठेवलेलं. कुठल्या यंत्राचा तुकडा आहे का?”

त्यांच्या तळहातावर शिशाचा एक छोटा, काळपट तुकडा होता. अण्णा शिशाला हात लावत नसत. मी तो घेतला आणि खिडकीपाशी नेला.

“खिळा आहे बाई. छापखान्यातला.”

“मला तर काहीच वाचता येत नाही.”

“उलटं असतं अक्षर.” मी तो अंगठ्यावर उलटा धरला. “भ आहे.”

“कुठला भ?”

“भीतीतला,” मी म्हटलं. निवृत्तीने तो माझ्या हातून घेतला, बोटात फिरवला, टोकावर नख लावून पाहिलं.

“माझ्याच खिळ्यांच्या केसमधला हाय,” तो म्हणाला. “बुधवारी जेवून आलो, तर माझा चिमटा पानं बांधायच्या दगडावर पडला हुता. मी कधी असा टाकत न्हाई. छापखान्यात त्या वेळेला एकटे अण्णाच हुते, स्टुलावर. म्हटले, जा, जेव सावकाश, मी बसतो.”

मला एकदम ती मोरी आठवली, ती लिंबाची साल, ती काळी बोटं. शाई सांडली म्हणाले. जन्मात ज्या माणसाने शाईची बाटली घरात आणली नाही, त्याची शाई सांडली आणि मी ऐकून घेतलं. लोकांच्या वेलांट्या शोधल्या आयुष्यभर आणि ही चूक डोळ्यांसमोरून गेली. शनिवारी त्यांनी मला ‘हे झालं कसं’ असं एकदाही विचारलं नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मी निवृत्तीकडे वळले. “अकरा वर्षं? मला म्हणालात तुमच्या हातून झालं, माझ्यापायी झालं.”

“तुझी नोकरी चालली हुती. आणि अण्णांनी सांगितलं न्हाई, तर मी कसं सांगू?” तो खाली बघत म्हणाला. “आणि मला बोलायला कायतरी निमित्त पायजे हुतं. डोकं ठिकाणावर नव्हतं ते खोटं न्हाई. पण माझी ओळ वाकडी येत न्हाई, मालन.”

म्हाताऱ्याने मला दिवसभर रडवलं होतं, माझी नोकरी घालवायला निघाला होता, आणि वर पैठणी घेऊन मोकळा झाला. राग यायला हवा होता. मला त्यांची एवढी आठवण आली की मी पदर तोंडात धरला.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. तळहात अजून तसाच उघडा.

“त्या दिवशी तू खोटं बोललीस,” त्या मला म्हणाल्या. “एकही चूक नाही म्हणालीस आणि तुझे कान लाल झाले होते. मला कळलं होतं. मी म्हटलं, चूक तर चूक. हा माणूस स्वतःहून कधी बोलायचा नाही, आणि इतकी चांगली चूक पुन्हा व्हायची नाही. म्हणून मीच बोलले. पण मनात राहिलं गं. त्यांच्या हातचं नव्हतं ते, म्हणून चार गुण कापले.” मग म्हणाल्या, “अकरा वर्षं चिडवलं मी त्यांना. एकदा तरी सांगायचं.”

“भीत असतील,” निवृत्ती म्हणाला.

बाई हसल्या आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. उठल्या, लाल रेघांच्या पुस्तकांच्या फळीवरून ‘चिमटे’ काढलं आणि शेवटचं पान उघडलं. तिथे त्यांच्याच अक्षरात सहा लिहिलेले होते. ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढली, टोक पाहिलं, ब्लेडने तासलं. सहावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी दहा लिहिले. खाली सही केली, तारीख घातली. मग पान माझ्यापुढे धरलं.

“बघ गं मालन. बरोबर आहे ना?”

एकापुढचं शून्य जरा वाकडं आलं होतं. मी नेहमीसारखं दोनदा वाचलं आणि म्हटलं, “बरोबर आहे बाई.”